तळाशी ठेवलेला घोट

गुरुवार, ९ जानेवारी १९५८, मालवण

हे काल आगबोटीने आले. चार वर्षांत दुसऱ्यांदा. मागे मामंजी वारले तेव्हा आले होते, पण ते आठच दिवस आणि तेही सगळे सुतकाचे.

म्हणून आज ही वही काढली. लग्नाआधी तारकर्लीला मुलींच्या शाळेत दोन वर्षं शिकवत होते, तेव्हाची ही कोरी राहिलेली हजेरीची वही आहे. पहिल्याच पानावर लिहून टाकलं, 'काशीराम : हजर', आणि एकटीच हसले. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, पण लिहायला कुणाची बंदी आहे?

माणूस वाळलाय. नेपाळात डोंगर फोडून रस्ता करायच्या कामावर ट्रक चालवायला गेले होते. रस्ता पुरा होऊन वर्ष उलटलं तरी तिथेच राहिले. रस्ता संपला, मग झिल कित्याक येणा नाय, असं सासूबाई मुलाबद्दल विचारायच्या. पगार बरा आहे म्हणून, असं मी सांगायचे. मला तरी दुसरं काय ठाऊक होतं?

ट्रंकेत एक घोंगडी, दोन सदरे आणि लोकरीचा स्वेटर निघाला. मालवणात स्वेटर! विणणारीचा हात मात्र चांगला, एक टाका चुकलेला नाही. तिकडच्या बाजारात असे ढिगाने मिळत असतील.

सकाळी मी चहा दिला. आमच्याकडचा चहा म्हणजे गुळाचा, वर चमचाभर दूध. ह्यांनी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "तिकडची चाय येगळी असता गो," म्हणाले. बोटीतून उतरल्यापासून माझ्याशी बोललेलं एवढं एकच सबंध वाक्य.

ह्यांच्या नानामामांनी कुडाळला एस.टी.त ड्रायव्हरच्या जागेबद्दल बोलून ठेवलं आहे. अर्ज केला की काम होईल म्हणतात. हे म्हणाले, मे महिन्यात आगबोटी बंद होईपर्यंत बघू. बघू म्हणजे काय? मी नऊवारी नेसून बंदरावर उभी होते ती 'बघू' ऐकायला नाही.

ठरवलं, तिकडचा चहा इथे करायचा. ज्या चवीपायी माणूस इतक्या लांब राहतो ती घरात मिळाली, तर जाईल कशाला?

सोमवार, १३ जानेवारी

कृती विचारून घेतली. पाण्यात आलं, वेलची, लवंग, दालचिनी, मिरी ठेचून घालायची आणि रंग येईपर्यंत उकळायची. मग चहाची पूड. मग पाण्याइतकंच दूध, आणि तीनदा वर येऊ द्यायचं. चमचाभर नव्हे, पाण्याइतकं! गवळ्याच्या हिराकडून म्हशीचं पावशेर दूध आणलं. सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात खीर झाली असती.

सगळं केलं आणि सवयीने गूळ टाकला. दूध फाटलं. टोपात वर पाणी, खाली चोथा. मला रडू येणार तोच हे आत आले, टोपात डोकावले आणि हसले. पुढच्या दोन दातांमधली फट दिसली. लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा मी पहिल्यांदा तीच बघितली होती. ते नासकवणी ह्यांनी गाळून पिऊनही टाकलं. दहापैकी शून्य. पण आजचा दिवस मला द्या कुणीतरी पुन्हा.

तिकडे चहा कोण करायचं ते विचारलं. म्हणाले, पालुंग नावाचं गाव आहे, तिथे रस्त्याकडेला चहाचं दुकान, आणि त्याच्याच माडीवर हे राहायचे. दुकानवालीच करायची. म्हातारी आहे का, असं विचारलं तर हे चुलीकडे बघत राहिले. म्हातारीच असणार. तरणी बाई कशाला रस्त्यावर दुकान मांडून बसेल?

रविवार, १९ जानेवारी

आज साखर घातली. दूध फाटलं नाही. पण लिहायचं आहे ते वेगळंच.

आमच्याकडे नवऱ्याच्या ताटात बायको जेवते. माया असेल तो नवरा ताटात काहीतरी राखून उठतो. माझे बाबा आईसाठी तळलेल्या सरंग्याची एक तुकडी कडेला ठेवायचे आणि काही न बोलता हात धुवायला जायचे. ह्यांच्या ताटात मात्र कधी शीत सापडलं नाही. जुन्या मैत्रिणी माहेरी भेटल्या की अशा गोष्टी सांगतात, मी गप्प बसते.

आज ह्यांनी पेला ठेवला तर तळाशी घोटभर चहा, सायीसकट. आधी वाटलं, आवडला नाही. विचारलं तर म्हणाले, बरा झालाय. मग हा का ठेवला? हे गोंधळले. "सवय गो," म्हणाले आणि ओटीवर निघून गेले.

सवय! चार वर्षं परक्या मुलखात एकट्याने चहा पिताना पेल्यात घोट ठेवायची सवय कशी लागते? कुणाची तरी आठवण काढूनच ना? मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि तो घोट प्यायले. गार झाला होता. खाली साखर राहिली होती. एवढं गोड मी आयुष्यात काही प्यायले नाही.

दहापैकी सहा. चहाला. ह्यांना दहा.

रविवार, २६ जानेवारी

माझ्या हातून काय झालं तेच कळत नाही.

स्वेटर उन्हात घालताना खिशात तांबड्या कापडाची बोटभर पिशवी सापडली. उघडली तर वासानेच ओळखलं, माशांच्या कालवणात घालतो ती तिरफळं. इतकं हसले! समुद्राकाठी मीठ विकायला आणावं तसं हा बाप्या नेपाळातून कोकणात तिरफळं घेऊन आला. आमची पावसातली तिरफळं संपत आली होती आणि सकाळीच बांगडे घेतले होते. सगळी पिशवी ठेचून तिखल्यात घातली.

सासूबाई दोनदा वाढून घेऊन जेवल्या. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "ह्यां तिरफळ खंय गावला तुका?" तुमच्याच खिशात, मी म्हटलं, अजून हसतच होते. ह्यांनी ताटावरचा हात काढला. पिशवी बघायला मागितली. ती मी धुऊन दांडीवर टाकली होती. ओली पिशवी मुठीत घेऊन किनाऱ्यावर गेले ते दिवेलागणीला आले. डोळे लाल होते. तिखट लागलं असेल म्हणावं तर एकच घास खाल्ला होता.

मी ह्यांच्या ताटात जेवले. आमच्या तिरफळाने जीभ बधिरते, पण ह्या तिरफळाला वर लिंबासारखा वास होता. चांगलं होतं. मूठभर तिरफळांसाठी माणूस एवढा का रुसतो?

बुधवार, २९ जानेवारी

शेवटी ह्यांनीच सांगितलं. तिकडे त्याला टिमुर म्हणतात, आणि ते चहात घालतात. एक टरफल, अगदी शेवटी. चहात तिरफळ! इथे कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाईच्या चहाला बांगड्याचा वास येतो.

फेलिसिदादला सांगितलं. आमच्या कुंपणापलीकडे राहते, साऱ्या वाडीचे कपडे शिवते, तिच्याजवळ माझं काही लपत नाही. ती हसलीच नाही. पिशवी दांडीवर असताना तिने बघितली होती म्हणे. म्हणाली, "सुगंधा, त्या पिशयेची शिवण बगलंस? इतकी बारीक शिवण घरच्या माणसाकच घालतंत, गिऱ्हायकाक नाय."

मला राग आला. शिवणारणीला सगळीकडे शिवणच दिसते. म्हातारीने जाणाऱ्या माणसाला मायेने पिशवी शिवून दिली तर बिघडलं कुठे?

सोमवार, १० फेब्रुवारी

आज चोरून एक काम केलं. राष्ट्रभाषेची परीक्षा दिली होती, तिचा आज उपयोग झाला. पालुंगच्या म्हातारीला हिंदीत पत्र लिहिलं. पत्ता ह्यांच्या जुन्या पाकिटावर होता.

'पूज्य माताजी' असं लिहिलं. माझ्या नवऱ्याला तुम्ही चार वर्षं पोटच्या मुलासारखं सांभाळलंत, तुमचे उपकार फेडणं होणार नाही. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली, त्यातली तीनसुद्धा आम्ही एकत्र राहिलो नाही. ह्यांनी आता घरी राहावं असं मला वाटतं. तुमच्या हातच्या चहाची ह्यांना ओढ आहे. तो नेमका कसा करायचा ते कळवा, आणि जमलं तर थोडं टिमुर पाठवा, पहिलं माझ्या चुकीने कालवणात गेलं. खाली सही, सौ. सुगंधा काशीराम. मास्तरीण होते तेव्हासारखं अक्षर काढलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दहापैकी सात. घोट ठेवला होता. प्यायले.

गुरुवार, ६ मार्च

शिमग्याची गडबड आहे. ह्यांनी काल एस.टी.चा अर्ज भरला! नानामामा समोर बसले होते, तरी भरला तो ह्यांनीच ना. सासूबाईंनी माळ्यावरून पाळण्याच्या साखळ्या काढून चिंचेने घासल्या.   हे अजून ओटीवरच झोपतात. थंड मुलखात राहून आलेल्या माणसाला आत उकडतं. पावसाळ्यात येतीलच आत.

गावात सगळ्यांना कळलंय की काशीरामची बायको दुधात मिरी-लवंग उकळते. काल तिघीजणी चव बघायला आल्या. एकीने विचारलं, बाळंतिणीचा काढा कुणासाठी गो? बाकीच्या हसल्या. मीही हसले. पुढच्या वर्षी माझ्यासाठीच, असं मनात म्हटलं.

घोट रोज असतो. आता मी दार लोटत नाही, ह्यांच्या पाठीमागेच पिते.

बुधवार, २ एप्रिल

पालुंगहून पुडकं आलं. हे नानामामांबरोबर कुडाळला गेले होते, ते बरं झालं. टिमुर आहे आणि हिंदीत लिहिलेलं पत्र आहे. तिथल्या शाळेच्या मास्तरांनी लिहून दिलंय, अक्षर सुरेख. चहाची कृती उतरवून ठेवते.

आधी पाणी आणि मसाला, झाकण ठेवून. आलं सोलायचं नाही, धुऊन चेचायचं. ज्या सकाळी ह्यांना खोकला असेल त्या दिवशी आलं दुप्पट. पूड घातल्यावर ढवळायचं नाही. दूध वेगळं तापवून मगच घालायचं. टिमुरचं एक टरफल हातावर चुरून आच काढल्यावर टाकायचं. धातूचा पेला द्यायचा नाही, ह्यांचा हात भाजतो, जाड काचेचा द्यायचा.

बाकी मजकूर घरगुती आहे. दुकानवाली म्हातारी नाही, माझ्याहून लहान आहे म्हणे. मला दीदी म्हणते. नाव धनमाया. बरं आहे.

गुरुवार, ३ एप्रिल

काल खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीत कुणी खोटं लिहितं का? मी लिहिलं. वाचतानाच कळलं होतं. वहीत उतरवलं नाही म्हणजे झालं नाही, असं वाटलं असेल मला.

आता उरलेलं पत्र मराठीत लिहिते.

'दीदी, तुमचं पत्र मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं. तुम्ही मला माताजी लिहिलंत, मास्तर वाचताना थांबले. काशीरामजींना घर आहे, आई आहे, हे मला माहीत होतं. तुम्ही आहात हे माहीत नव्हतं. माझ्या आईबापांसमोर ह्यांनी टिळा लावून मला बायको केलं होतं. तळाचा घोट ते पिणार नाहीत, तो मुन्नीचा असतो. पेला ठेवला की ती रांगत यायची. आता ती चालते. तिच्याही पुढच्या दातांत फट आहे. मी त्यांना बोलावणार नाही. तुमचा हक्क आधीचा. चहा चांगला करा, म्हणजे इकडची आठवण येणार नाही. त्यांनी विचारलं तर मुन्नी चालते एवढं सांगा. नाही विचारलं तर नका सांगू.'

संपलं. एवढंच आहे.

तो घोट माझा नव्हता. अडीच महिने मी एका लहान मुलीच्या तोंडचं पीत होते आणि त्याला नवऱ्याची माया समजत होते. ह्या बाईला मी लिहिलं की तुम्ही पोटच्या मुलासारखं सांभाळलंत. देवा, माझी जीभ का झडली नाही? आणि कुणावर ओरडू? आपलेच दात, आपलेच ओठ.

शनिवार, ५ एप्रिल

पत्र चहाच्या डब्यात ठेवलं आहे. ह्यांना दाखवलं नाही. का दाखवू? ती स्वतःच लिहिते, विचारलं नाही तर सांगू नका.

सकाळी तिने सांगितलं तसा चहा केला. टिमुरसकट. फेलिसिदादकडून जाड काचेचा पेला आणला. ह्यांनी पेला तोंडाजवळ नेला आणि वास येताच हात थांबला. माझ्याकडे बघितलं नाही. डोळे मिटून प्याले, सावकाश, फुंकर घालत. तळाशी घोट उरला तेव्हा त्यात करंगळी बुडवली आणि हात बाजूला नेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. तिथे कुणी नव्हतं. डोळे उघडले तर मी समोर होते.

टिमुर कुठलं, असं विचारलं. फेलिसिदादचा नवरा जहाजावर असतो, त्याने आणलं, असं सांगितलं.  

दहापैकी दहा.

सोमवार, १४ एप्रिल

कुडाळहून हुकूम आला. एक जूनपासून हजर व्हायचं. नानामामांनी पेढे वाटले. सासूबाईंनी रामेश्वराला नारळ दिला. हे म्हणाले, घेतो नोकरी. खालच्या मानेने म्हणाले, पण म्हणाले.

जानेवारीपासून ह्याच वाक्यासाठी जीव टाकत होते ना मी? मग आज जिंकून बसले आहे तर जेवण का जात नाही?

घोट अजून ठेवतात. मी आता पीत नाही. माडाच्या आळ्यात ओतते. रोज ओतताना वाटतं, कुणीतरी रांगत येतंय आणि मी पेला उचलून नेतेय. फेलिसिदादला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पत्र चुलीत घाल, नवरा तुझो आसा, देवासमोर तुझोच आसा. ती खरंच बोलते. मी पत्र चुलीपर्यंत नेलं होतं. चुलीवर त्याच चहाचं पाणी उकळत होतं.

मला धनमायेचा राग येत नाही, हीच पंचाईत आहे. चेटकीण असती तर बरं झालं असतं. ती मला आलं सोलू नको म्हणून सांगते.

रविवार, २० एप्रिल

आज दिलं पत्र.

सकाळी चहा दिला, शेजारी पत्र ठेवलं आणि म्हटलं, थंयसून कागद इलो हा. ह्यांनी वाचलं. किती वेळ वाचत होते कुणास ठाऊक, एक पान तर आहे. मी दाराशी उभी राहिले. 

"माका सांगलास कित्याक नाय?"

"सांगूकच इलेलंय. तू बंदरार उबी होतंस, नवा लुगडा नेसान. मगे तोंडच उघडाक नाय."

"आणि तिका?"

ह्यांनी मान हलवली. म्हणजे तिलाही नाही. दोघींना सारखंच फसवलं, तेवढी एक गोष्ट तिची आणि माझी जुळते.

मग मी ते बोलले जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, "तो घोट रोज मी पियत होतंय. माका वाटला, तो माझो."

ह्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. दोन्ही हातांत तोंड धरून माणूस लहान मुलासारखा रडला. मी जवळ गेले नाही. माझेही डोळे पुसायला कुणी आलं नव्हतं.

रडून झाल्यावर म्हणाले, तू सांगशीत तसा करतंय. वाहवा! रस्ता ह्यांनी चुकवायचा आणि वाट मी दाखवायची. संतापाने माझ्या तोंडून निघालं, "चेडू चालूक लागला. तेका बापूस व्हयो. माका घोव नसलो तरी चालता, चार वर्सा चाललाच."

हे मी बोलले. पण खरं लिहायची ही एकच जागा आहे म्हणून लिहिते. मला हवं होतं की ह्यांनी म्हणावं, नाय गो, मी ऱ्हवतंय. मी वाट बघितली. समोरच्या पेल्यातल्या चहावर साय धरेपर्यंत वाट बघितली. ह्यांनी पत्राची घडी केली, पुन्हा उघडली, आणि एका ओळीवर बोट ठेवून परत वाचलं. कुठल्या ओळीवर ते मला दारातूनही दिसत होतं.

रविवार, ४ मे

गेले.

काल मी सासूबाईंना सांगायला गेले तर त्या तांदूळ निवडत होत्या. मी सुरुवात केली तशी म्हणाल्या, "माका म्हायती होता गो." स्वेटर बघितला तेव्हाच ओळखलं म्हणे. मग मला का सांगितलं नाही? "सांगान काय करू? तुझी आशा मोडू?" एवढं बोलून पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. सगळे पांढरेच होते, तरी निवडत होत्या.

गावात सांगायचं ते ठरलं आहे. तिकडे जास्त पगाराचं बोलावणं आलं. नानामामा भडकले, नोकरी पायाने लोटली म्हणाले. लोटू देत.

सकाळी शेवटचा चहा केला. तिच्या कृतीने, उरलेलं सगळं टिमुर घालून. आता ते घरात नको. ह्यांनी अर्धाच पेला प्यायला आणि माझ्यासमोर सरकवला. "ह्यो तुझो," म्हणाले.

अर्धा पेला! घोट मायेने ठेवतात, अर्धा वाटणीने देतात. मास्तरणीला एवढा फरक कळतो. मी पेल्यावर ताटली झाकली आणि ह्यांचा डबा भरायला घेतला. डब्यात तळलेली सुरमई आणि तांदळाच्या भाकऱ्या दिल्या. स्वेटर घडी घालून वर ठेवला. स्वेटरच्या खिशात मुन्नीसाठी माझी पायातली चांदीची वाळी घातली, माझ्या बारशाची. माळ्यावरच्या पेटीत ती माझ्या मुलासाठी ठेवली होती. का दिली ते मला विचारू नये. दिली.

होडी आगबोटीला लागली तेव्हा हे वळून बघत होते की नाही, उन्हात नीट दिसलं नाही. फेलिसिदादने माझा दंड धरला होता. घरी आले तर ताटलीखाली चहा तसाच होता. माडाला ओतला.

काशीराम : गैरहजर.

रविवार, २१ सप्टेंबर

साडेचार महिन्यांनी वही उघडते आहे. आगबोटी पुन्हा सुरू झाल्या. जुलैत एक मनिऑर्डर आली. सासूबाईंनी अंगठा केला. मजकुराच्या जागी एकच ओळ होती, 'वाळी घट्ट बसतात.' मी ती ओळ कितीदा वाचली ते लिहीत नाही.

कन्याशाळेत पुन्हा शिकवायला लागले आहे. मुली पहिल्या दिवशी बाई कुंकू लावतात की नाही ते बघत होत्या. लावते. पदरी पडलं आणि पवित्र झालं, दुसरं काय.

आज सुट्टी. हिराने आपणहून दूध आणून दिलं. फेलिसिदादच्या परड्यातली तिरफळं तडकली आहेत, तिने ओंजळभर दिली. बांगडे नव्हते. का कोण जाणे, चहाचं पाणी ठेवलं. आलं धुऊन चेचलं, सोललं नाही. दूध वेगळं तापवलं. आच काढल्यावर आमच्याच तिरफळाचं एक टरफल हातावर चुरून टाकलं. माशाचा वास आला नाही. सासूबाईंना दिला, त्या म्हणाल्या बरो झालो हा. मग जाड काचेचा पेला माझ्यासाठी भरला आणि ओटीवर बसले. ह्या चहाचा आख्खा पेला मी आज पहिल्यांदा घेतला. इतके दिवस नुसती चव बघितली होती, नाहीतर दुसऱ्याचं उरलेलं.

चहा खरंच चांगला असतो. त्यासाठी माणूस कुठेही राहील.

पेला खाली ठेवला तेव्हा बघितलं तर तळाशी घोटभर राहिला होता, सायीसकट. मी मुद्दाम ठेवला नव्हता. कुणासाठी ठेवला असेल म्हणून बराच वेळ बघत बसले. अंगणात कुणी नव्हतं. मग मीच प्यायले.